साखरेच्या एका किलोत कोणाचे किती?

एक टन ऊस गाळला की साधारण 100 ते 110 किलो साखर निघते. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोड मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. भागाकार करून पाहा. दुकानात 40-45 रुपयांना मिळणाऱ्या किलोभर साखरेमागे ऊस तोडणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन रुपये येतात. तेही एकट्याला नव्हे, नवरा-बायको दोघांना मिळून.

या धंद्याच्या भाषेत ते जोडपे म्हणजे ‘एक कोयता’. दिवसभरात हा कोयता दीड-दोन टन ऊस तोडतो. बाई तोडते, पाला काढते, मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीत भरते. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर निघतो. बीडसह मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास निघालेली ही कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहतात. त्यांत भूमिहीन आणि कोरडवाहू तुकड्यावर न भागणारे जास्त. आपल्या समाजातलीही घरे त्यांत आहेत.

निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगाम संपेपर्यंत ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणूसही तिच्याबरोबर जातो. कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बेकायदा आहे. पण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, आणि मुकादम म्हणतो ही तर आपसातली देवघेव. महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये विधेयक मांडले. त्यांचे नाव घेणाऱ्यांना ही गाठ ओळखायला वेळ लागू नये.

या पद्धतीची सर्वांत मोठी किंमत बाई मोजते. एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा पडतो. मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड कापला जातो. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्याच लागतात. अंगावर काढलेले दुखणे वाढले की डॉक्टर पिशवी काढायला सांगतात आणि बाई तयार होते, कारण मग खाडा पडणार नाही. 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहापैकी एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. डॉक्टरवर वचक आला हे चांगलेच. पण खाड्याचा दंड आहे तिथेच आहे. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी सुटी मिळावी म्हणून बाबासाहेब मुंबई विधिमंडळात बोलले, तेही 1928 सालीच. उसाच्या फडात ती सुटी अजून पोचलेली नाही.

शेतकरी यातून सुखात आहे असेही नाही. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला 340 रुपये होती, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. 14 दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज द्यावे, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही थकबाकीसाठी आंदोलने होतातच. तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटते. मग शेतकरी टोळीला ‘खुशाली’ आणि वाहनचालकाला ‘एंट्री’ देऊन ऊस बाहेर काढतो आणि मजुरांना शिव्या घालतो. दोन्ही बाजूंची ओढाताण, भांडण मात्र बांधावर.

बैलांचा तर कोणी हिशेबच मांडत नाही. गाडीसेंटरच्या टोळ्या ऊस बैलगाडीने कारखान्यात नेतात. जनावराने किती भार ओढावा हे ठरवणारे नियम 1965 पासून आहेत. दिवसात नऊ तासांहून अधिक नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, हेही त्यांत आहे. गंमत अशी की प्रत्येक गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि पावतीवर छापले जाते. गाडी किती जड होती हे शोधायला कोणाला कुठे जावे लागत नाही. 2015 पासून राज्यात बैलाची कत्तल गुन्हा आहे. मानेला जखम होईपर्यंत लादलेल्या गाडीबद्दल कोणी विचारत नाही.

आणि खाणारा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने दिवसाला 50 ग्रॅमच्या आत साखर घ्यावी, 25 च्या आत राहिल्यास उत्तम. शीतपेयाच्या 250 मिलीच्या एका बाटलीतच साधारण 25 ग्रॅम असते. देशातली बरीचशी साखर घरच्या चहात जात नाही; ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीममध्ये जाते. स्वस्त साखर ही आधी या कंपन्यांची गरज आहे. मजुरी किलोमागे एका रुपयाने वाढवली तर 25 ग्रॅमच्या बाटलीमागे अडीच पैसे पडतील. फडातल्या जोडप्याला मात्र त्याच रुपयाने टनामागे शंभरावर रुपये जास्त मिळतील. तोडणीच्या पावतीवर बाईचे नाव वेगळे लिहायला, तिच्या खात्यात तिचा अर्धा वाटा भरायला आणि खाड्याचा दंड बंद करायला तर तेवढाही खर्च येत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो.