गिटार, ढोलकी आणि आपले शब्द

‘रॉक’ हा शब्द कानावर आला की आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे केस वाढवलेली, गिटार बडवणारी गोरी पोरे उभी राहतात. हे श्रीमंतांच्या पोरांचे चाळे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून विषय संपतो. वाचकहो, हा संगीतप्रकार मुळात कोणाचा होता हे पाहिले तर संबंध फारच जवळचा निघतो.

रॉकचा जन्म गोऱ्यांच्या बंगल्यात झाला नाही. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणारे काळे गुलाम आणि त्यांची मुले-नातवंडे काम करताना गात असत. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. रोवणीच्या बांधीत चिखलात वाकलेल्या आमच्या माता-भगिनी आजही अशाच गातात. त्या गाण्यांतून आणि चर्चमधल्या भजनांतून ‘ब्लूज’ झाले. ब्लूजची ठेवण साधी आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. आमचा कव्वाल एकच ओळ फिरवून फिरवून लोकांची उत्कंठा ताणतो आणि मग टोला हाणतो, तोच हा प्रकार. पुढे विजेवरची गिटार आली, ड्रम आले आणि १९५०च्या दशकात त्याला रॉक अँड रोल म्हणू लागले.

सिस्टर रोझेटा थार्प हे नाव आमच्या मुलींना माहीत असले पाहिजे. १९१५ साली आर्कान्सा राज्यातील कापूसपट्ट्यात जन्मलेली ही काळी बाई चर्चची भजने विजेच्या गिटारवर गाऊ लागली. पुढे मोठ्या झालेल्या रॉक गायकांनी तिचे ऐकून आपले हात तयार केले. देवाची गाणी नाइट क्लबात गाते म्हणून धर्मभिरू मंडळी तिच्यावर रागावलीच. ती १९७३ साली वारली. कित्येक वर्षे तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. क्लीव्हलँडच्या रॉक संग्रहालयाने तिला मानाचे स्थान दिले ते २०१८ साली, मरणानंतर ४५ वर्षांनी!

दुसरी बिग मामा थॉर्नटन. ‘हाउंड डॉग’ हे गाणे तिने १९५२ साली ध्वनिमुद्रित केले आणि पुढच्या वर्षी ते काळ्या श्रोत्यांत तुफान गाजले. १९५६ साली तेच गाणे एल्विस प्रेस्लीने म्हटले आणि जग त्याला रॉकचा राजा म्हणू लागले. थॉर्नटनबाई सांगत की आपल्याला त्या गाण्याचा एकच ५०० डॉलरचा चेक मिळाला. हिशेब हा आमच्या पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हा आकडा आमच्या डोक्यातून जात नाही.

आता आपल्याकडे या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून हजारो गाणी रचली. ती आपल्या लग्नात, बारशात, पुण्यानुमोदनात गायली जातात. पण गाणे कोणाचे असे विचारले तर पुष्कळांना गायकाचे नाव ठाऊक असते, कवीचे नसते. काळ्या माणसाच्या बाबतीत जे तिकडे झाले, ते इकडे थोडेफार आपणच आपल्या कवीच्या बाबतीत करतो.

यंदा आमच्या सिहोऱ्याकडे जयंतीच्या बैठकीत काही पोरांनी विषय काढला. डीजे नको, आपलाच बँड बसवू. एकाजवळ गिटार आहे, एकजण ऑक्टोपॅड वाजवतो, ढोलकी तर घरची. लगेच एक ज्येष्ठ उखडले, “विहारापुढं हे थेर चालणार नाही बाबू!” गंमत अशी की दरवर्षी भिंती हादरवणाऱ्या डीजेला कोणी थेर म्हटले नव्हते, आणि वर्गणीचा मोठा वाटा त्याच्याच भाड्यात जात होता.

आमचे मत पोरांच्या बाजूचे आहे. रॉकचा ठेका चार मात्रांचा, जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपली बहुतेक भीमगीते आठ मात्रांच्या केरव्यात. चार दुणे आठ; दोन्ही एकमेकांत सहज बसतात. कव्वालीच्या टाळ्यांनी तयार झालेल्या कानाला ड्रम परका वाटण्याचे कारण नाही. आणि हार्मोनियम तरी आपली कुठे होती? तीही युरोपातूनच आली. बेंजो आला, ऑर्गन आला, तेव्हा कोणी धम्म बुडाला म्हटले नाही.

मुंबई-ठाण्याकडे कबीर शाक्य आणि सहकाऱ्यांनी ‘धम्म विंग्ज’ नावाचा बौद्ध रॉक बँड काढला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. २०१८च्या जानेवारीत चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे राहिले. संगीतकार टेन्मा आणि एकूण १९ कलावंत. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताला गायले जाणारे ‘गाना’ आणि पराई हे चर्मवाद्य त्यांनी गिटार व रॅपला जोडले. आरक्षणाला नावे ठेवणाऱ्यांना गाण्यातून उत्तर दिले. बँडचे नाव घेतले ते पंडित अयोथी दास यांच्या ‘जातिभेद नसलेले तमिळ’ या शब्दांवरून. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी, १८९८ साली, बौद्ध धम्म स्वीकारणारे ते हेच. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीने तर लहान वयातच बाबासाहेबांची आणि संत रविदासांची गाणी पॉपच्या ठेक्यावर नेली.

एका गोष्टीवर मात्र ज्येष्ठांचे म्हणणे आम्हांला पटते. गाण्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत. भीमगीताचा जीव अंतऱ्यात असतो. मुखड्यात नाव आणि जयघोष येतो. महाडचे पाणी, नागपूरची दीक्षा, रमाईचे कष्ट आणि ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न अंतऱ्यात येतो. डीजेवरचे रिमिक्स नेमका अंतरा कापते. मुखडा आणि दणका शिल्लक राहतो. पोरगा तीन तास नाचतो आणि गाणे त्याने ऐकलेलेच नसते. त्यात आवाजाचे प्रमाण. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पाळण्यातली लेकरे आणि छातीचे दुखणे असलेले म्हातारे आपल्याच घरांत असतात.

गिटारवाल्या पोरांना गावे लागेल, म्हणजे अंतरा पाठ करावा लागेल. पाठ करायचा म्हणजे अर्थ विचारावा लागेल, आणि तो सांगायला घरातली म्हातारी माणसेच लागतील. बैठकीत आम्ही एवढेच सुचवले की प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव पुकारावे आणि तिन्ही अंतरे पूर्ण म्हणावेत. पोरांनी मान्य केले. उखडलेले ज्येष्ठ थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनीच जुन्या दुय्यम सामन्यांतल्या कव्वालीची एक चाल गुणगुणून दाखवली आणि गिटारवाल्याला म्हणाले, “हे वाजते का त्याच्यात?”

त्याला ती चाल पहिल्या खेपेला वाजवता आली नाही. आता रविवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर तालीम असते.