प्रेम, तलवार आणि भुयार: जुनी कादंबरी जोखताना

खानदेशातल्या धुळ्यात 1926 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. दफ्तरे धुंडाळणाऱ्या या माणसाने 1902 मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून मराठी कादंबऱ्यांची अद्भुत आणि वास्तव अशी पारख केली. खानदेशातल्या वाचकाने तो जरूर मिळवून वाचावा.

राजवाड्यांपुढचा माल काय होता? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861): नवरा-बायकोची ताटातूट, कारस्थानी खलपुरुष, संकटामागून संकट. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून आली. शिवकाळात बेतलेली ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने (1913) वाचकांना वेड लावले.

अशी पुस्तके हलकी म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. मात्र कस लावावा. काळ फक्त पगडी-अंगरख्यापुरता आहे, की जात, वतन, लग्नाचे नियम यांनी पात्रांची खरोखर कोंडी होते? रहस्य उलगडल्यावर मागची पाने पुन्हा चाळावीत. खुणा तिथे आधीच असल्या पाहिजेत. आणि नायिका? ती फक्त पळवली जाते, सोडवली जाते, की स्वतः काही ठरवते? माझ्या लेखी हाच प्रश्न सर्वांत मोठा.

वाचनालयातून ‘मोचनगड’ मागवा आणि सुरुवात तिथूनच करा.