‘पेअर’ झालं, पण नेट कुठे आहे?

टाइप-१ मधुमेह असलेले काही लोक एक छोटा लिनक्स संगणक सतत सोबत बाळगतात. ओपनएपीएस या मुक्त प्रकल्पातल्या या उपकरणाला वापरणारे ‘रिग’ म्हणतात. डेना लुईस आणि स्कॉट लाइब्रँड यांनी आधी स्वतःच्या घरात ही प्रणाली उभी केली आणि २०१५मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. सेन्सरकडून दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा येतो, रिग हिशेब करतं आणि इन्सुलिन पंपाला कमी-जास्त करायला सांगतं. एके काळी त्यासाठी इंटेलचा एडिसन हा बोर्ड वापरला जाई. इंटेलने २०१७मध्ये तो बंद केला, आणि पुढे रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यूवरही रिग बनू लागली. घरात वाय-फाय असतं. घराबाहेर पडलं की हे उपकरण खिशातल्या फोनला ब्लूटूथने जोडून त्याचं इंटरनेट वापरतं. मुलाची साखर किती आहे हे ऑफिसात बसलेल्या आईला दिसायचं असेल, तर ही जोडणी टिकायला हवी.

आणि हीच जोडणी लोकांना फार छळते. तिच्याबद्दलचे गैरसमज मात्र ठरावीक आहेत. बहुतेकांचं मूळ एकच: ‘जोडलं गेलं’ ही एकच घटना आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात पाच-सहा वेगळ्या पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरी एकेकटी निकामी होऊ शकते.

‘पेअर झालं म्हणजे काम झालं’

पेअरिंगमध्ये दोन उपकरणं एकमेकांची ओळख पटवून एक गुप्त किल्ली साठवतात, एवढंच. तिथे नेटवर्कचा संबंध येत नाही. नेटवर्कसाठी ब्लूटूथमध्ये पॅन नावाचं वेगळं प्रोफाइल आहे. त्यात इंटरनेट देणाऱ्याची भूमिका एनएपी आणि घेणाऱ्याची भूमिका पॅन-यू. फोन पहिल्या भूमिकेत हवा आणि बोर्ड दुसऱ्या. फोनवर ‘ब्लूटूथ टेदरिंग’ची कळ बंद असेल, तर पेअरिंग अगदी निर्दोष असूनही फोन नेटवर्कची विनंती नाकारतो. ही कळ ब्लूटूथच्या कळीहून निराळी आहे, आणि फोनचं ब्लूटूथ बंद-चालू केल्यावर ती पुन्हा तपासावी.

याच पायरीवर ‘ट्रस्ट’ विसरला जातो. ब्लूटूथसीटीएल या आज्ञावलीत ‘पेअर’नंतर ‘ट्रस्ट’ ही आज्ञाही द्यावी. नाहीतर फोनकडून जोडणी आली की बोर्ड परवानगी विचारायला जातो, आणि पडदा-कीबोर्ड नसलेल्या बोर्डावर उत्तर द्यायला कोणी नसतं.

किल्ली कुठे साठते हेही बघायला हवं. लिनक्सवरची ब्लूटूथ व्यवस्था म्हणजे ब्लूझ. ती प्रत्येक पेअर केलेल्या उपकरणाची नोंद ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लिब’मध्ये ‘ब्लूटूथ’ नावाच्या फोल्डरात ठेवते. अनेक एम्बेडेड उपकरणांत मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून फाइल-सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवलेली असते किंवा हा भाग तात्पुरत्या मेमरीत असतो. मग दर रीबूटला पेअरिंग पुसलं जातं, आणि दोष फोनला मिळतो. उलटही घडतं. कार्ड नव्याने फ्लॅश केलं की बोर्ड सगळं विसरतो, पण फोनकडे जुनी किल्ली राहते. अशा वेळी दोन्ही बाजूंची नोंद काढून पेअरिंग पहिल्यापासून करावं लागतं. एकाच बाजूची काढून भागत नाही.

‘कनेक्ट होऊन लगेच तुटतं, म्हणजे रेडिओ कमजोर आहे’

या समजुतीपायी किती अँटेना बदलल्या गेल्या असतील! ब्लूटूथसीटीएलमध्ये ‘कनेक्ट’ म्हटलं की पडद्यावर ‘कनेक्टेड: यस’ येतं आणि काही सेकंदांत ‘नो’ होतं. यात बहुधा रेडिओचा काही दोष नसतो. खालची दुवा-जोडणी झाली, पण तिच्यावर बसणारं एकही प्रोफाइल सुरू झालं नाही, म्हणून ती रिकामी जोडणी सोडून दिली गेली.

याच वेळी आणखी एक फसवा संदेश येतो: प्रोफाइल उपलब्ध नाही, किंवा ए-टू-डीपी जोडता आलं नाही. ए-टू-डीपी हे गाणी ऐकवण्याचं प्रोफाइल आहे. ‘कनेक्ट’ ही आज्ञा फोनकडे जी प्रोफाइलं आहेत ती जोडू पाहते. फोन आवाजाची सेवा देऊ करतो आणि बोर्डावर ती घेणारी प्रणालीच नसते, म्हणून तक्रार उमटते. ती वाचून लोक नेटसाठी बोर्डावर ऑडिओ सर्व्हर बसवतात! त्या संदेशाचा टेदरिंगशी काही संबंध नाही. नेटवर्कची जोडणी स्वतंत्रपणे मागावी लागते. ब्लूझ ५मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१२पासूनच्या मालिकेत, त्यासाठी डी-बसवर, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या वाहिनीवर, ‘नेटवर्क१’ नावाचा इंटरफेस आहे. त्याला ‘कनेक्ट’ सांगताना सोबत ‘एनएपी’ हा शब्द द्यायचा. बीटी-नेटवर्क, बीटी-पॅन यांसारखी साधनं आणि नेटवर्क-मॅनेजर हेच काम तुमच्या वतीने करतात. जुन्या लेखांत सापडणारा ‘पॅन्ड’ हा प्रोग्राम ब्लूझ ५मध्ये उरलेला नाही. तो शोधण्यात वेळ घालवू नका.

हाताने बांधलेल्या छोट्या लिनक्समध्ये अजून दोन गोष्टी आधी पाहाव्यात. कर्नलमध्ये पॅनसाठी लागणारं बीनेप हे मोड्यूल आहे का, आणि ब्लूझ बांधताना नेटवर्कचं प्लगइन वगळलं तर नाही ना. दोहोंपैकी एक जरी नसेल, तरी पेअरिंग सुरळीत होतं आणि पुढे शुकशुकाट.

‘चिपवर ब्लूटूथ ५ लिहिलंय, मग चालेलच’

आकड्यावर जाऊ नका. पॅन हे जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथवर चालतं. २०१०मध्ये आलेलं लो एनर्जी हे वेगळं रेडिओ-तंत्र आहे. फक्त लो एनर्जी असलेली चिप कितीही नवी असली, तरी फोनच्या नेहमीच्या टेदरिंगला जोडता येत नाही.

‘बीनेप-शून्य दिसतोय, म्हणजे नेट आलं’

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा थांबून पाहू. जोडणी यशस्वी झाली की बोर्डावर बीनेप-शून्य नावाचा नवा नेटवर्क इंटरफेस उगवतो. तो आला म्हणजे फोनपर्यंत तार टाकली गेली, इतकंच. त्या तारेवर पत्ता, वाट आणि नावांची वही ही तिन्ही यायची बाकी असतात.

आधी पत्ता. ब्लूझ स्वतः पत्ता मागत नाही. नेटवर्क-मॅनेजर किंवा कॉनमॅन असेल तर ते मागतात. नसेल तर डीएचसीपी क्लायंट तुम्ही चालवायचा. एम्बेडेड उपकरणांवर तो बहुधा बिझीबॉक्समधला यूडीएचसीपीसी असतो, आणि त्याची एक खोड माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. हा क्लायंट फोनशी बोलून पत्ता मिळवतो, लॉगमध्ये ‘लीज मिळाली’ असं लिहितोही, पण तो पत्ता इंटरफेसला लावण्याचं काम एका वेगळ्या स्क्रिप्टवर सोपवतो. ती स्क्रिप्ट नसेल किंवा तिला चालवण्याची परवानगी नसेल, तर लीज हातात असून इंटरफेस कोराच राहतो. त्यामुळे लॉगमधल्या ओळीवर विसंबू नका, ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा देऊन प्रत्यक्ष पत्ता बघा. आयफोनकडून तो १७२.२०.१० ने सुरू होणारा मिळतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत १९२.१६८.४४ ही मालिका ठरलेली असे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर फोनने उत्तरच दिलेलं नाही आणि बोर्डाने आपल्या मनाने पत्ता घेतला आहे असं समजा.

मग वाट. बोर्ड एकाच वेळी वाय-फायलाही जोडलेला असेल, तर बाहेरची वाट कुठली धरायची हे मेट्रिक नावाच्या आकड्यावर ठरतं. कमी आकड्याची वाट आधी. नेटवर्क-मॅनेजर वाय-फायला मुळात ६०० देतो आणि ब्लूटूथला ७५०. म्हणजे हॉटेलचं किंवा रेल्वे स्थानकाचं, लॉगिन केल्याशिवाय नेट न देणारं वाय-फाय आपोआप जोडलं गेलं, की सगळी रहदारी तिकडे जाऊन अडकू शकते आणि चांगलं चालणारं टेदरिंग बाजूला पडून राहतं. ‘आयपी राउट’ ही एक आज्ञा हे लगेच दाखवते.

नंतर नावांची वही, म्हणजे डीएनएस. ८.८.८.८ला पिंग जातंय आणि संकेतस्थळाचं नाव दिलं की काही होत नाही, असं असेल तर जोडणीत खोट नाही. ‘रिझॉल्व्ह’ची फाइल लिहिली गेलेली नाही, आणि पुन्हा त्यामागे फक्त वाचण्यापुरती फाइल-सिस्टिम असू शकते.

शेवटी घड्याळ. ते कुणाच्या लक्षातच येत नाही. पाय झीरो डब्ल्यूवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ थांबते. चालू झाल्यावर बोर्ड जुन्याच तारखेत असेल, तर सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. पिंग जातं, नाव सापडतं, तरीही माहिती चढत नाही. आधी इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी लागते. जिथे दर मिनिटाची नोंद तब्येतीशी बांधलेली आहे, तिथे चुकीची वेळ नुसती गैरसोय नसते.

‘मोबाइल डेटा नाही, मग टेदरिंग काय कामाचं’

बीनेपची तार फोन आणि बोर्ड यांच्यातली आहे. फोनला बाहेरचं नेट नसलं तरी त्या दोघांचं आपसातलं नेटवर्क राहू शकतं. काही रिगमध्ये फोनवरचं एक्सड्रिप हे अ‍ॅप याच तारेवरून साखरेचे आकडे थेट रिगला देतं. डोंगरात रेंज गेली तरी आकडे पोचतात. फक्त दूरच्या माणसाला ते दिसत नाहीत.

नेट गेलं की इन्सुलिन थांबतं, अशीही भीती ऐकू येते. ती खरी नाही. हिशेब रिगवरच होतो आणि पंपाशी बोलणं वेगळ्या रेडिओवर चालतं. नेट लागतं ते सेन्सरचे आकडे इंटरनेटमार्गे येत असतील तर. तेही थांबले, तरी रिगने दिलेला तात्पुरता दर अर्ध्या तासाचा असतो. तो संपला की पंप डॉक्टरांनी ठरवलेल्या नेहमीच्या दरावर परततो. ही रचना मुद्दाम अशी ठेवली आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

‘इतक्या कमी वेगात काही होत नाही’

क्लासिक ब्लूटूथचा हवेतला वेग सेकंदाला जास्तीत जास्त ३ मेगाबिट, हाती येतो तो साधारण २. व्हिडिओसाठी तो अपुरा आहे, पण दर पाच मिनिटांनी काही किलोबाइट पाठवायला पुरून उरतो. वेग अगदीच घसरला तर त्याच बोर्डाच्या वाय-फायकडे बघा. पाय झीरो डब्ल्यूवर दोघांना एकच चिप आणि एकच अँटेना आहे, आणि दोघंही २.४ गिगाहर्ट्‌झमध्येच बोलतात.

‘रीस्टार्ट केलं की सुटतं’

कधी सुटतंही. पण त्यासोबत कारणही पुसलं जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात. बीटीमॉन हे ब्लूझसोबतच येणारं साधन आधी एका खिडकीत चालू ठेवा आणि मग जोडून पाहा. नेटवर्कची विनंती फोनपर्यंत गेली का आणि फोन काय म्हणाला, हे त्यात शब्दशः दिसतं. उत्तराचा आकडा ० असेल तर ब्लूटूथचं काम संपलं, पुढचा शोध पत्ता, वाट, डीएनएस आणि घड्याळात घ्यायचा. ४ म्हणजे फोनने परवानगी नाकारली, तेव्हा टेदरिंगची कळ बघायची. आणि विनंतीच दिसली नाही, तर बोर्डावरच्या कोणीही नेटवर्क मागितलेलं नाही.