गोदामातला आनंदोत्सव

‘समाज’ हा शब्द आपण नित्य उच्चारतो; परंतु ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘अज्’ हा धातू यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाने प्राचीन काळी गीतनृत्याच्या मेळाव्याचाही बोध होत असे, हे सहसा ध्यानी येत नाही. जेथे माणसे एकत्र येऊन आनंद करतात तेथेच समाज घडतो, असे जणू त्या शब्दाला सुचवावयाचे आहे. उत्सवाच्या दिवसांत या अर्थाचे चिंतन करताना सातासमुद्रापलीकडील एका माणसाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

त्याचे नाव फ्रँकी नकल्स. १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण १९७७ मध्ये शिकागोस आला आणि ‘वेअरहाऊस’ नामक नृत्यगृहात डीजे म्हणून तबकड्या वाजवू लागला. वेअरहाऊस म्हणजे गोदाम. वास्तूही जुनी, औद्योगिकच. तेथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे, त्यांतही अनेक समलिंगी. अन्यत्र उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची सवय झालेले.

१२ जुलै १९७९ रोजी त्याच शिकागोत, बेसबॉलच्या कोमिस्की पार्क मैदानावर, डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. हा धिक्कार केवळ संगीताचा नसून त्यावर नाचणाऱ्यांचाही आहे, असे अनेकांना वाटले.

गोदामातले नृत्य मात्र थांबले नाही. नव्या डिस्को तबकड्या दुर्मीळ झाल्या, तेव्हा नकल्सने जुन्याच गाण्यांना नवे रूप दिले. ध्वनिफीत कापून, जोडून, पाय जेथे विशेष थिरकत तो भाग तो लांबवी. दोन तबकड्यांची लय अशी जुळवी, की एक गाणे कोठे सरले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे उमगू नये. कधी दिवे मालवून अंधारात आगगाडीचा धडधडाट ऐकवी. पुढे तालयंत्राचा ठेकाही आला. त्या संगीताला जगाने ‘हाऊस’ म्हटले. ते नाव या वेअरहाऊसवरूनच पडले.

१९९८ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये शिकागोतील एका रस्त्याला त्याचे नाव दिले गेले. मधुमेहाने मात्र शरीर पोखरले. एक पाऊल कापावे लागले. ज्याने आयुष्यभर इतरांची पावले नाचविली, त्याच्यावर हा प्रसंग यावा! तरीही तो तबकड्यांपासून दूर झाला नाही. ३१ मार्च २०१४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्याचे देहावसान झाले. त्याच्या दोनच दिवस आधी तो लंडनमध्ये नाचणाऱ्यांसमोर उभा होता.

२०२३ मध्ये शिकागो नगरीने त्या गोदामाला संरक्षित वास्तूचा मान दिला. विटांना काय महत्त्व? परंतु समाजाने दूर लोटलेल्यांचा तेथे एक समाज झाला होता. वाचकहो, आपल्या अंगणातील उत्सवात कोणी उंबऱ्याबाहेर तर उभे नाही ना, एवढे एकदा वळून पाहावे.