बुडायला शिकलेलं जंगल

ऱ्हाईनला मोठा पूर येतो तेव्हा स्ट्रासबूर्गच्या दक्षिणेला, फ्रान्समधल्या एर्स्टाइनजवळ, दरवाजे उघडून चांगलं हिरवंगार जंगल मुद्दाम पाण्याखाली घातलं जातं. सुमारे ७८ लाख घनमीटर पाणी तिथे मावतं. जंगल फ्रान्सचं, पण त्याच्या बुडण्याने जी शहरं वाचतात ती बहुतेक जर्मनीतली: कार्ल्सरूह, मानहाइम, वर्म्स.

हे देणंघेणं समजायला थोडं मागे जायला हवं. १८१७ साली योहान तुल्ला या अभियंत्याने नागमोडी ऱ्हाईन सरळ करायला घेतली. बाझेल ते वर्म्स या टप्प्यात नदी तब्बल ८१ किलोमीटरने आखूड झाली! पुढे १९७७ पर्यंत वीज आणि जहाजांसाठी तिथे बंधाऱ्यांची रांग उभी राहिली, आणि पुराला पसरायला असलेली सुमारे १३० चौरस किलोमीटर जमीन नदीपासून तुटली. पाणी धावत सुटलं. बाझेलहून कार्ल्सरूहला पोचायला पुराला पूर्वी जेवढा वेळ लागे, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात तो पोचू लागला.

लवकर आला तर लवकर ओसरेल, असं आपल्याला वाटतं. पण मानहाइमला नेकार ही उपनदी येऊन मिळते. पूर्वी तिचा पूर आधी निघून जायचा आणि ऱ्हाईनचा मागाहून यायचा. आता दोन मिरवणुका एकाच वेळी एकाच चौकात याव्यात तसे दोन्ही पूर एकदम येण्याचा धोका वाढला.

म्हणून सगळी हिकमत वेळेची आहे. पूर चढू लागताच जंगलं भरून टाकली, तर खरा लोंढा येईल तेव्हा जागाच उरणार नाही. उशीर झाला तर काम संपलंच. त्यामुळे फ्रान्समधलं एर्स्टाइन आणि पलीकडचं जर्मनीतलं आल्टनहाइम कधी भरायचं, ते दोन्ही देशांनी मिळून ठरवलेल्या नियमांनी चालतं.

मला सर्वांत नवल वाटतं ते झाडांचं. वर्षानुवर्षं कोरडं राहिलेलं जंगल अचानक बुडवलं, तर पुराची सवय मोडलेली झाडं मरतात. म्हणून मोठा पूर नसतानाही अधूनमधून थोडं पाणी सोडून जंगलाला पुराचा सराव दिला जातो. ओक आणि वाळुंज तग धरतात, न सोसणारी झाडं हळूहळू मागे पडतात. शिवाय अशी नदीकाठची जंगलं मुरणाऱ्या पाण्यातलं नायट्रेट अडवतात. लाखो लोकांना पिण्याचं पाणी देणारा भूजलसाठा याच खोऱ्याखाली आहे, म्हणून हेही थोडकं नाही.

नदीच्या खालच्या टप्प्यात, नेदरलँड्समध्ये, १९९५ साली पुराच्या धोक्यामुळे सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर १९९८ मध्ये ऱ्हाईनकाठच्या देशांनी एकत्र पूर-आराखडा केला. नाइमेखनजवळ तर नदीला जागा द्यायला डच लोकांनी बांधच ३५० मीटर मागे सरकवला. त्यासाठी काही घरं पाडावी लागली.

काठावरच्या गावांना हे सगळं पसंत आहे असं मात्र नाही. तळघरात पाणी शिरेल, फिरायचं रान जाईल, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांत वर्षं जातात. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९६ साली पुराचं पाणी साठवणाऱ्या अशा १३ जागांचा कार्यक्रम मंजूर केला. त्या सगळ्या अजूनही पूर्ण झालेल्या नाहीत.