बूट परदेशात, गाळ आपल्या विहिरीत
चामड्याच्या निर्यातीचा पुरा हिशेब

चामड्याच्या धंद्याचा हिशेब मांडताना आपण कच्चे कातडे, रसायने, मजुरी, वीज आणि गाडीभाडे धरतो. पाणी खराब झाल्याची रक्कम त्यात कोठेच नसते. ही एक रक्कम न धरल्यामुळे तामिळनाडूतील आपल्या व्यवसायबंधूंवर काय वेळ आली, हे प्रत्येक लहानमोठ्या कारखानदाराने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. मालेगाव-भिवंडीच्या रंगकाम करणाऱ्यांनाही हा मजकूर तितकाच लागू आहे.

राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी ही पालार नदीच्या खोऱ्यातील गावे. तेथील अनेक टॅनऱ्या तमिळ मुस्लिम व्यापारी घराण्यांच्या. पूर्वी तेथे तरवडाची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावत. हा अर्धा तयार माल मद्रास बंदरातून परदेशी जाई आणि पुढची प्रक्रिया तिकडे होई. 1970 च्या दशकात केंद्र सरकारने अशा मालाच्या निर्यातीवर बंधने घातली व पक्क्या चामड्याला आणि बुटांना उत्तेजन दिले. परकीय चलन वाढावे, रोजगार देशातच राहावा, हा हेतू योग्यच होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. परंतु पक्क्या मालाबरोबर क्रोमची प्रक्रियाही मोठ्या प्रमाणावर आली. सालीने ज्या कामाला आठवडे लागत, ते क्रोमने एक-दोन दिवसांत होऊ लागले. मात्र वापरलेल्या क्रोमचा मोठा भाग कातड्यात न मुरता पाण्याबरोबर बाहेर जातो. कातडे टिकवण्यासाठी लावलेले मीठही त्याच पाण्यात उतरते.

पालारच्या खोऱ्यातील नागरिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 28 ऑगस्ट 1996 रोजी लागलेल्या निकालात न्यायालयाने नोंदवले की, एक किलो पक्के चामडे तयार करण्यास सुमारे 35 लिटर पाणी लागते, आणि टॅनऱ्यांच्या पट्ट्यातील सुमारे 35 हजार हेक्टर शेतजमीन पूर्णतः किंवा अंशतः नापीक झाली आहे. या धंद्यामुळे परकीय चलन आणि रोजगार मिळतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यामुळे पाणी व जमीन नासवण्याचा हक्क मिळत नाही, असे बजावले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व या निकालाने आपल्या कायद्याचा भाग ठरले. प्रत्येक टॅनरीला 10 हजार रुपये दंडही झाला. पुढे 2001 मध्ये 29 हजारांहून अधिक बाधितांना मिळून सुमारे 27 कोटी रुपयांची भरपाई ठरली. भागाकार केला तर माणशी दहा हजारही पडत नाहीत. ज्याची विहीर खारट झाली, त्याचे एवढ्यात काय भागणार?

परदेशी ग्राहकाने काय केले?

त्यानेही नियम केले. जर्मनीने 1989 च्या अखेरीस पेंटाक्लोरोफिनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली आणि मालात दर किलोला 5 मिलिग्रॅमची मर्यादा लावली. 1994 मध्ये कर्करोगकारक द्रव्ये सोडणाऱ्या ॲझो रंगांची पाळी आली. 1997 मध्ये भारत सरकारनेही असे 70 ॲझो रंग हाताळण्यास मनाई केली. चामड्यातील घातक क्रोमवर (ज्याला क्रोम सहा म्हणतात) युरोपीय संघाने 1 मे 2015 पासून दर किलोला 3 मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली.

हे नियम ग्राहकाच्या हिताचे आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांची नजर कशावर आहे ते पाहा. बंदरावर बुटाची चाचणी होते, विहिरीची होत नाही. चाचणीत उत्तीर्ण झालेला बूट घालणाऱ्याचा पाय सुरक्षित राहतो. तो बूट जेथे तयार झाला तेथील पाण्याचे काय झाले, हे त्या दाखल्यावर लिहिलेले नसते. जागतिक व्यापार संघटना 1995 मध्ये स्थापन झाली. तिच्या कराराच्या प्रस्तावनेत टिकाऊ विकासाचा उल्लेख आहे. परंतु सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च मालाच्या भावात मिळालाच पाहिजे, असा कोणताही नियम तिने केलेला नाही. ग्राहक भाव पाडून मागतो, आणि आपण एकमेकांच्या स्पर्धेत तो कबूल करतो.

तो खर्च मग दोघांवर पडतो. पहिला शेजारचा शेतकरी आणि दुसरा मजूर. 31 जानेवारी 2015 रोजी राणीपेट येथे सामुदायिक सांडपाणी केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेल्या मजुरांसह दहा जण गाळात गुदमरून मेले. म्हणजे केंद्र बांधून काम संपत नाही, ते नीट चालवावे लागते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याच पट्ट्याविषयी पुन्हा निकाल द्यावा लागला. सरकारने बाधितांची भरपाई द्यावी आणि ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावी, असा तो आदेश आहे. पहिल्या निकालास तोवर 28 वर्षे लोटली होती.

आपण काय करावे?

कातडे भिजवण्यापूर्वी ते झटकून सुटे मीठ वेगळे काढावे. यास यंत्र लागत नाही, आणि पाण्यात जाणारे मीठ बरेच कमी होते. क्रोमचे पाणी इतर पाण्यात मिसळू न देता त्यातील क्रोम परत मिळवता येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने या विषयावर बरेच काम केले आहे. रंग व रसायने घेताना विक्रेत्याकडून लेखी दाखला घ्यावा. धारावीत तयार चामडे आणून पिशव्या, पाकिटे शिवणाऱ्या कारागिरांनीही तो मागावा, कारण माल परत आला तर नुकसान शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते. ज्यांचा माल सालीने कमावलेला आहे, जसे कोल्हापुरी चपलांचे चामडे, त्यांनी ती गोष्ट ग्राहकाला ठळकपणे सांगावी. मात्र सालीचे पाणीही प्रक्रियेशिवाय ओढ्यात सोडू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाव सांगताना सांडपाण्याचा खर्च त्यात धरावा. एकट्याने असे केले तर मागणी शेजाऱ्याकडे जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून हे काम व्यापारी संघटनांनी एकत्र बसून करावे. आज ही रक्कम मालाच्या भावात धरली नाही, तर उद्या न्यायालय ती वसूल करील आणि तोवर गावाचे पाणी गेलेले असेल.