गोदामातील सामान आणि न्यायाचे दार

बदलीचा हुकूम आला, की संसार दोन ठिकाणी विभागला जातो. नोकरदार मनुष्य कपडेलत्ते आणि चार भांडी घेऊन पुढे जातो. कपाटे, पलंग, शिवणयंत्र आणि वडिलोपार्जित ग्रंथ मागे राहतात. पूर्वी असे सामान नातलगाच्या वाड्यातील माळ्यावर जाई. आता धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे किंवा देवासच्या कारखान्यांत नोकरी करणारे कुटुंब ते मोठ्या शहरातील गोदाम-कंपनीच्या स्वाधीन करते. परत आणताना एखादी पेटी कमी भरते, कपाटाला वाळवी लागलेली असते, अथवा भाड्याचा आकडा अकस्मात वाढलेला असतो. आणि येथूनच तंट्याला आरंभ होतो.

परक्याची ठेव सांभाळण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा विवादपदांत 'निक्षेप' हे एक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत 'उपनिधी'चे स्वतंत्र प्रकरण असून त्यातील विवेक सूक्ष्म आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव नाहीशी झाली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाही. परंतु धन्याने मागूनही ती परत केली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर भरपाईही द्यावी लागे आणि तितकाच दंडही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातही हाच विवेक आढळतो. कलम १५१ नुसार, सामान्य शहाणा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूंची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ठेव सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. ती घेऊनही नुकसान झाले, तर विशेष करार नसल्यास कलम १५२ त्याला जबाबदारीतून मुक्त करते. मात्र त्याच्या कसुरीमुळे सामान योग्य वेळी परत मिळाले नाही, तर त्या वेळेपासून होणाऱ्या हानीस तो कलम १६१ प्रमाणे जबाबदार ठरतो. म्हणूनच सामानाची लेखी, तारखेसह मागणी करणे अत्यंत महत्त्वाचे होय.

दुसरा आधार यादीचा. सामान देतानाच प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा, त्याची स्थिती लिहावी, छायाचित्रे घ्यावीत आणि यादीवर कंपनीची सही घ्यावी. परत घेताना नग उघडून पाहावेत आणि जे मोडले वा हरवले असेल त्याची नोंद पावतीवर तेथेच करावी. सर्व सामान सुस्थितीत मिळाल्याची सही एकदा करून दिली, की पुढे तोंडी तक्रारीचे वजन उरत नाही.

भाड्याविषयी वाद असेल, तर रागाच्या भरात सगळेच पैसे थांबवणे हिताचे नसते. थकबाकीपोटी सामान अडवून ठेवण्याचा अधिकार कंपन्या बहुधा करारातच लिहून घेतात. निर्विवाद रक्कम भरावी. वादग्रस्त रक्कम देणे भागच पडले, तर 'हक्क राखून देत आहे' असे लिहून द्यावी. हयगय आणि अपहार यांतील भेदही लक्षात ठेवावा. वाळवी लागू देणे ही हयगय. अप्रामाणिकपणे सामान विकून टाकणे हा गुन्हा, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार गोदामवाल्यास त्यासाठी ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांचे काम या दुसऱ्या प्रकरणात.

आता प्रश्न उरतो, दाद कोठे मागावी? १९४८ पर्यंत देवास या एकाच शहरात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये नांदत होती, आणि दोहोंचा कारभार निराळा होता. राज्ये विलीन झाली, तरी हद्दीचा पेच ग्राहकाला दीर्घकाळ भोवत राहिला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार साधारणतः कंपनी जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच करावी लागे. देवासच्या निवृत्त शिक्षकाने चार खुर्च्यांसाठी दूरच्या शहरी किती खेपा घालाव्या? २०१९ च्या कायद्याने, जो २०२० मध्ये अमलात आला, ही अडचण दूर केली. ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही त्याला तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची.

तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी; पुष्कळदा कंपनी तेवढ्याने बोलणीस तयार होते. आयोगापुढेही उभयपक्षांच्या संमतीने मध्यस्थीचा मार्ग खुला असतो. वापरलेल्या वस्तूला नव्या वस्तूची किंमत मागण्याचा हट्ट मात्र धरू नये. वाजवी मागणी लवकर मान्य होते.

न्यायाचे दार आता धारच्या आणि देवासच्या रहिवाशाला आपल्याच जिल्ह्यात उघडे आहे. तेथे जाताना हाती सहीची यादी आणि तारखेची मागणी असली, म्हणजे अर्धे काम झालेले असते.